‘हे आपलं नव्हे’ म्हणणाऱ्या गुरुजींना

भंडाऱ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या एका बैठकीत कुणीतरी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा विषय काढला. दहा-बारा घरे मिळून गेलो तर काही सवलत मिळेल का, एवढाच साधा प्रश्न होता. त्यावर एक निवृत्त गुरुजी उठले आणि त्यांनी तो विषय असा झोडपला की विचारणाऱ्याने चहाचा कप अर्धाच ठेवून दिला. गुरुजींबद्दल मला आदर आहे. त्यांचे पाठांतर अजून शाबूत आहे आणि आवाज माइकविना गांधी चौकापर्यंत जातो. पण त्या दिवशी ते जे बोलले त्यातले बहुतेक चुकीचे होते, आणि चुकीचे असूनही टाळ्या घेऊन गेले. तेव्हा ते लिहून खोडणे भाग आहे.

त्यांचे म्हणणे असे. क्रूझ हे श्रीमंतांचे चोचले. तिथे दारू आणि जुगार. समुद्राचा भरवसा नाही. तेवढ्या पैशात काशी-रामेश्वर होते. पाण्यावर फिरायची एवढीच हौस असेल तर गोसेखुर्दात सरकार बोटी आणतेच आहे. आणि या सगळ्यावर कळस म्हणून ते एक वाक्य, जे आमच्याकडे नवरा-बायकोने हॉटेलात जेवायला जाण्यापासून मुलीने बुलेट चालवण्यापर्यंत कशालाही लावले जाते: “हे आपलं नव्हे.”

पैशाचा आक्षेप सगळ्यात जोरात मांडला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन-तीन रात्रींची सफर, जहाजाच्या आतल्या बाजूची बिनखिडकीची खोली, दिवाळी-नाताळचा हंगाम टाळलेला, असा हिशेब धरला तर कर आणि शुल्के मिळून माणशी साधारण वीस ते तीस हजार लागतात. ही रक्कम थोडी नाही. पण राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली तेव्हा एका ज्येष्ठाच्या एका यात्रेसाठी कमाल 30 हजार रुपयेच धरले होते. त्या योजनेचे कौतुक याच गुरुजींनी याच बैठकीत केले. सरकारी खर्चाने तीस हजारांची यात्रा झाली तर ते लोककल्याण, आणि निवृत्तिवेतनातून साठवलेल्या तीस हजारांत बायकोला समुद्र दाखवला तर ते चोचले, हा हिशेब कुठल्या अंकगणितात बसतो? आपल्या जिल्ह्यात लग्नाच्या वरातीत एका रात्रीच्या डीजेवर आणि फटाक्यांवर किती उडतात हे गुरुजींना माहीत आहे. तिथे ते अक्षता टाकून, जेवून, आशीर्वाद देऊन येतात. ‘आपलं नव्हे’ हे वाक्य मांडवात कधी ऐकू आलेले नाही.

त्यांना झोडपायचेच होते तर जहाजाऐवजी जाहिरातीला झोडपायचे. तिथे मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा दर माणशी असतो आणि एका खोलीत दोघे धरलेले असतात. एकटा माणूस गेला तर त्याला जवळपास दुप्पट पडते. बंदराचे शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी हे सगळे खाली बारीक अक्षरांत. खिडकीची खोली घेतली की आकडा चढतो, बाल्कनीची घेतली की आणखी चढतो. भाड्यात राहणे, जेवण, संध्याकाळचे बहुतेक कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव येतो. दारू, मालिश, वायफाय आणि गोव्यात उतरून फिरण्याची सहल यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या किल्लीचे जे कार्ड मिळते त्यावरच सगळे नोंदले जाते आणि शेवटच्या दिवशी बिल हातात पडते. ज्याला हे आधी माहीत आहे त्याचे काही बिघडत नाही. ज्याला माहीत नाही तो घरी येऊन ‘लुटलं’ म्हणतो आणि गुरुजींना नवा पुरावा मिळतो. एजंटाकडून सगळे धरून शेवटचा आकडा कागदावर लिहून घ्यायचा. हा सल्ला भंडाऱ्यात सोनाराकडे जाताना आपण सगळेच पाळतो.

काशी-रामेश्वराच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचे आहे, कारण गुरुजींच्या भाषणातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे आणि सगळ्यात आंधळाही हाच. यात्रेला माझा विरोध नाही. पण बसने निघालेल्या यात्रेत घरातली बाई काय करते ते गुरुजींनी कधी पाहिले आहे का? निघण्याआधी आठवडाभर चिवडा, शंकरपाळे, तिखट-मिठाच्या पुऱ्या. पहाटे चारला सगळ्यांच्या आधी अंघोळ, मग नवऱ्याचे टॉवेल-धोतर हाताशी, गोळ्यांचा डबा, धर्मशाळेच्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढणे, ओले कपडे पिशवीत भरणे, रात्री पुन्हा बॅगा मोजणे. सोबत स्वयंपाकी असला तरी भाजी निवडायला बायकाच बसतात. देवाचे दर्शन तिलाही होते, पण विसावा होतो तो फक्त गुरुजींसारख्यांना. म्हणूनच त्यांना दर्शन आणि विसावा यांतला फरक दिसत नाही.

माझ्या थोरल्या वहिनीला, जिचा जन्म लाखनीकडचा आणि आयुष्य धानाच्या बांधीत आणि चुलीपुढे गेले, आम्ही जहाजावर नेले. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर तिने सवयीने चौघांची ताटे एकावर एक रचली आणि उचलायला लागली. वाढपी धावत आला, हिंदीत अजिजी करायला लागला. ती ताटे सोडेना. शेवटी सोडली, आणि हात कुठे ठेवावेत हे न कळून पदराला पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून बसली. चहा करायला चूल नाही, झाडायला अंगण नाही, पाणी भरायचे नाही. मला म्हणाली, “मंग मी का करू आता?” मी म्हणालो, काहीच नको. ती वरच्या डेकवर गेली आणि उन्हे चांगली वर येईपर्यंत रेलिंगजवळच्या खुर्चीत बसून राहिली. खाली न्याहारीला बोलावले तर म्हणाली, तुम्ही खाऊन घ्या, मी मागून येते. ‘तुम्ही खाऊन घ्या’ ती जन्मभर म्हणत आली आहे. त्या दिवशी त्या म्हणण्याचे कारण पहिल्यांदा तिचे स्वतःचे होते.

गुडघ्यांचेही तेच. आमच्या वयाच्या माणसांना प्रवासात मारते ते रोजचे चढ-उतार: आज हे हॉटेल, उद्या ते, बॅग बांधा, बॅग सोडा. जहाजात सामान एकदाच सोडायचे. मजल्यांमध्ये लिफ्ट असते. मुक्काम तोच राहतो आणि गाव बदलते. साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी हैराण झालेल्या, पथ्य सांभाळणाऱ्या माणसासाठी याहून सोपी सहल मला ठाऊक नाही. म्हणजे ज्या वर्गासाठी गुरुजी ‘आपलं नव्हे’ म्हणाले, नेमक्या त्याच वर्गाला ती सोयीची आहे. शाकाहारी आणि जैन जेवणही मिळते. तिखट मात्र बेताचे. आमच्याकडच्या रश्शाची सवय असलेल्याने लोणच्याची आशा धरावी, झणझणीत रश्शाची धरू नये.

आता दारू आणि जुगार. हे चित्र लोकांच्या डोक्यात कुठून आले ते उघड आहे. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाची धाड पडली. महिनाभर वाहिन्यांवर दुसरे काही नव्हते. ज्या नटाच्या मुलाचे नाव रोज घेतले जात होते त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याने मे 2022 च्या आरोपपत्रात त्याचे नाव आले नाही, ही बातमी मात्र आमच्या बैठकीपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. जहाजावर बार आहे, कॅसिनोही आहे. पण दोन्हींना दार आहे आणि दारातून आत जायचे की नाही हे आपले पाय ठरवतात. भंडाऱ्यात तरी वेगळे काय आहे? आपला जिल्हा काही दारूबंदीचा नाही.

समुद्राच्या भीतीवर जास्त लिहीत नाही. ही भीती खरी आहे आणि तिला इतिहास आहे. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. भर पावसाळा होता आणि बोट खचाखच भरलेली होती. टायटॅनिकनंतर 1914 मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो पुढे वेळोवेळी कडक होत गेला. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडल्यावर नियम आला की संकटकाळचा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच झाला पाहिजे. आजही सगळ्यांना जमवून जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, कुठे जमायचे ते दाखवतात. गुरुजींना मी एकच विचारतो: भंडाऱ्याहून नागपूरला जाताना काळीपिवळीत कुणी कधी तुम्हाला असा सराव दिला? पावसाळ्यात हे जहाज पश्चिम किनाऱ्यावर राहत नाही, चेन्नईकडे वळवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. ज्याला एसटीत गाडी लागते त्याला बोटही लागू शकते. त्याने खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधल्या भागातली खोली मागावी, कारण तिथे हेलकावे सगळ्यात कमी. डॉक्टरला विचारून गोळी आधीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही.

आता मुख्य वाक्याकडे येतो. ‘हे आपलं नव्हे’ यातले ‘आपण’ कोण?

आपण पाण्याची माणसे नाही, असे गुरुजी म्हणाले. तलावांच्या जिल्ह्यात बसून म्हणाले! मालगुजारी गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, त्याचेही आपण लाडाने ‘मामा तलाव’ केले. शेताशेतांत बोड्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या डोंगा घेऊन पहाटे जाळे टाकणारा धीवर समाज आहे. वैनगंगा आपल्या जिल्ह्याच्या अंगाखांद्यावरून वाहते, पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. आपल्या धुऱ्यावरून वाहिलेले पावसाचे पाणी दरवर्षी समुद्र गाठते. आपणच तेवढे घरी. धीवराला विचारले असते तर त्याने ‘आपलं नव्हे’ म्हटले नसते. पण त्या बैठकीत एकही धीवर नव्हता, आणि बायका मागच्या दोन ओळींत होत्या. गुरुजींचा ‘आपण’ पुढच्या ओळीतला होता.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला तर जहाज ही एसटी यायच्या आधीची एसटी होती. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांवर थांबत बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी जात. गिरणीतला चाकरमानी डेकवर वळकटी पसरून गणपतीला घरी जाई. ही प्रवासी वाहतूक 1980 च्या दशकाच्या अखेरीस थांबली. तेव्हा बोटीचा प्रवास गरिबाचा होता. आज त्याच समुद्रावर तोच प्रवास श्रीमंतांचा ठरला असेल तर त्यावर राग काढायची जागा वेगळी आहे: स्वस्त प्रवासी बोट का बंद पडली, हे विचारायला हवे. जो परवडेल तेव्हा जातो त्याला हिणवून ती बोट परत येत नाही.

आणि ‘लोक काय म्हणतील’ याचे म्हणाल तर 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसलेल्या आनंदीबाई जोशींना अठरा वर्षे पुरी होऊन सातच दिवस झाले होते. निघण्याआधी त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला उभे राहून लोकांच्या आक्षेपांना एकेक करून उत्तर दिले: इथेच का शिकत नाही, एकटी का जाते, जात बाहेर टाकेल त्याचे काय. त्या शिकायला निघाल्या होत्या आणि आम्ही हवा खायला, बरोबरी नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांची चाल एकशे चाळीस वर्षांत बदललेली नाही, एवढे मात्र दिसते.

राहता राहिले गोसेखुर्द. गुरुजींना टाळ्या मिळाल्या त्या याच मुद्द्यावर, कारण इथे जिल्ह्याचा अभिमान येतो. 2024 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते गोसेखुर्द जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले, खर्च शंभर कोटींच्या घरात. उत्तम. पण नारळ फुटणे आणि बोटीचा भोंगा वाजणे यांत किती काळ जातो, हे याच धरणाने आपल्याला शिकवले आहे. 22 एप्रिल 1988 ला पंतप्रधान राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा होता. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. पुढे खर्च अठरा हजार कोटींच्याही वर गेला. त्या जलाशयावरच्या बोटीच्या भरवशावर सत्तरीतल्या माणसाने मुंबईचा बेत रद्द करावा, असे म्हणायला मोठाच आशावाद लागतो.

समजा बोटी आल्या. चांगलेच आहे, मीही तिकीट काढीन. पण तासाभराची फेरी आणि समुद्रावरचा मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी नको, असे कुणी रावणवाडीचा तलाव पाहून महाबळेश्वरला जाणाऱ्याला सांगत नाही. दुसरे, ती फेरी कशावरून जाणार? पवनी, भंडारा, कुही तालुक्यांतल्या बुडालेल्या शेतांवरून, देवळांच्या ओट्यांवरून, घरांच्या पायांवरून. पुनर्वसनाच्या गावठाणात राहणाऱ्या माणसाला त्या बोटीत बसवून ‘निसर्गरम्य’ म्हणायला सांगून पाहा. निदान बोटी चालवायचे काम तरी धीवरांच्या सहकारी संस्थांना आणि प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना द्या. हा अभिमान भाषणापुरता नसेल तर गुरुजींनी तो मुद्दा मांडायला हवा होता. मांडला नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. नागपूरचे पुरते शुद्ध न झालेले सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसेखुर्दच्या जलाशयात येते. आंभोऱ्याला केबलचा देखणा पूल झाला, संगमावर फोटो काढायला गर्दी होते. फोटोला वास नसतो. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून एकोणीसशे कोटींहून अधिक रकमेचा प्रकल्प मंजूर आहे, म्हणजे आजार सरकारलाही मान्य आहे. धरणाने पाणी अडवले, त्याबरोबर ही घाणही अडली. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याबद्दल भंडाऱ्यात जी तक्रार होते तिचे मूळ शोधायला फार दूर जावे लागत नाही.

इथे मी गुरुजींना त्यांच्या हातून सुटलेला सगळ्यात भक्कम मुद्दा देतो. क्रूझ पर्यावरणाला महाग पडते. जहाज जाड इंधन जाळते. त्यातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आली तीही 1 जानेवारी 2020 पासून. माणशी धूर काढला तर आगगाडीपुढे जहाज फार वाईट ठरते. व्हेनिसने ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना शहराजवळच्या कालव्यात बंदी घातली ती उगीच नाही. हे सगळे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दरवर्षी क्रूझ करणाऱ्यांचे कौतुक मी करत नाही. पण आयुष्यात एकदा जाणाऱ्या निवृत्त माणसाला हा दोष देण्याआधी एक नियम ऐका. मैला निर्जंतुक न केलेला असेल तर किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत जहाजाला तो सोडता येत नाही, प्लास्टिक तर कुठेच टाकता येत नाही. हा आंतरराष्ट्रीय करार आहे. नियम मोडणारी जहाजे असतील, मोठा दंड झालेलीही आहेत. आपल्या नदीसाठी मात्र मोडायलासुद्धा बारा मैल नाहीत. नागपूर आणि भंडाऱ्याच्या नळामध्ये आहे ती फक्त कन्हान.

ज्यांना गुरुजींच्या भाषणानंतरही जायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी, कारण त्या बैठकीत त्या सांगायला कुणी उरले नाही. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस आपल्या भंडारा रोडला, म्हणजे वरठीला थांबते आणि सकाळी सीएसएमटीला उतरवते. बॅलार्ड पियरचे क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. 20 सप्टेंबर 2025 ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलेली नवी इमारत तीच. इंग्रजांच्या काळी साहेब लोक बोटीतून उतरून याच धक्क्यावरच्या स्टेशनातून फ्रंटियर मेलमध्ये बसत; भंडाऱ्याचा माणूस आज उलट्या दिशेने तोच प्रवास करतो, याची मला गंमत वाटते. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी सुटते, तेव्हा जहाजाची तारीख आधी ठरवा आणि गाडीचे तिकीट साठाव्या दिवशी सकाळीच काढा. ज्या दिवशी जहाज सुटते त्याच सकाळी मुंबईत उतरायचा धोका पत्करू नका. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. आदल्या दिवशी पोहोचा.

देशातल्या देशात जायला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरते. मोठी बॅग धक्क्यावर चिठ्ठी लावून घेतात आणि ती खोलीत यायला काही तास लागतात. म्हणून गोळ्या, चष्मा, कानाचे यंत्र आणि एक बदलायचा कपडा हातातल्या पिशवीतच. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली नेऊ नका, काढून घेतात. लांब समुद्रात मोबाइलला रेंज नसते, हे पुण्याच्या मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती तिकडे घाबरते. आणि सगळ्यात महत्त्वाचे: पहिल्या सफरीला लक्षद्वीप निवडू नका. फोटो सुंदर असतात, पण तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. भर समुद्रात हलत्या जहाजातून हलत्या लहान बोटीत उतरावे लागते, आणि हवा बिघडली तर तेही रद्द होते. गोव्याला जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागते, माणूस जिन्याने सरळ उतरतो. जहाज नवे कोरे असेल अशीही समजूत नको. ‘एम्प्रेस’ 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेले आहे, एका परदेशी कंपनीकडे अनेक वर्षे चाललेले. गालिचे पाहून वय कळते, तरी आतली आखणी उत्तम आहे.

संध्याकाळचे नाचगाण्याचे कार्यक्रम झगझगीत असतात. मंडईच्या रात्री दंडार पाहिलेल्याला त्यांत फार दम वाटत नाही, हे माझे मत. मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते जहाज सुटते त्या तासाभरात, आणि नेमके तेव्हाच निम्मे लोक उपाहारगृहात भजी खात असतात. वरच्या डेकवर उजव्या बाजूला उभे राहा. धक्का आधी सुटल्यासारखा वाटतच नाही. दोरखंड पाण्यात पडतात, टग जहाजाला ओढून तोंड वळवतो, आणि मग ताजमहाल हॉटेल आणि गेटवे हळूहळू मागे सरकू लागतात. कुलाब्याच्या टोकापलीकडे 1875 सालचा प्रॉन्ग्ज दीपस्तंभ येतो. बंदराबाहेर आल्यावर एक लहान बोट जहाजाला समांतर धावू लागते. जहाजाच्या पोटातले एक दार उघडते, दोरीच्या शिडीवरून वाट दाखवणारा पायलट खाली उतरतो, एक पाय शिडीवर, एक बोटीवर, क्षणभर थांबून लाट वर आली की उडी. बोट वळून मुंबईकडे निघून जाते. वहिनी म्हणाली, “डोंग्यात बी असंच करते.” तलावात डोंग्यावरून उतरणारे धीवर तिने लहानपणापासून पाहिलेले होते. तिला त्यात परके काही वाटले नाही.

गुरुजी, तुमच्या पाचही आक्षेपांना उत्तर दिले आहे. तुम्ही न घेतलेला सहावाही मी तुमच्या वतीने घेऊन मान्य केला आहे. आता एक काम दोघे मिळून करू. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. नाग नदीच्या पाण्याबद्दल आणि गोसेखुर्दच्या बोटी धीवरांना चालवायला मिळाव्यात यासाठी अर्ज लिहू. अक्षर तुमचे, कारण ते माझ्याहून चांगले आहे, आणि पहिली सही माझ्या वहिनीची. त्या सोमवारी मी भंडाऱ्यातच आहे. पुढच्या सफरीच्या तारखा घेताना कॅलेंडर पाहूनच घेतल्या आहेत.